रुग्णालयातच काम करायचंय, मग एनपीची शाखा कोणती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत नर्सची नोकरी करणारी अनेक मराठी मुलंमुली काही वर्षांनी नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, होण्याचा विचार करू लागतात. तपासणे, निदान करणे, औषध लिहून देणे हे अधिकार एनपीला असतात, त्यामुळे ही ओढ समजण्यासारखी आहे. त्यातल्या ज्यांचा जीव वॉर्डात आणि आयसीयूत रमतो, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: रुग्णालय सोडायचे नाही, मग शाखा कोणती घ्यावी? आणि उत्तरही ठरलेलेच मिळते: "फॅमिली घे, ती सगळीकडे चालते." रुग्णालयाच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून दोन-तीन वर्षे आणि मोठी फी घातलेल्यांना पुढे पुन्हा कॉलेजात जावे लागते. आपल्या दैनिकाचे वाचक या मुलांचे नातलग आहेत आणि प्रवेशाच्या पैशांची जुळवाजुळव घरातही होत असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

हा सल्ला आला कुठून? 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला एनपी अभ्यासक्रम सुरू केला. तो मुलांच्या प्राथमिक आरोग्यसेवेसाठी होता. म्हणजे हा पेशा दवाखान्यात जन्मला आणि तिथेच वाढला. आयसीयूत एनपी दिसू लागले ते बरेच नंतर. आजही अमेरिकेतल्या एकूण एनपींमध्ये फॅमिलीवाले बहुसंख्य आहेत आणि कॉलेजेही त्याच शाखेची जास्त. साहजिकच ज्याला विचारावे तो आपलीच शाखा सुचवतो. त्यातून वीस वर्षांपूर्वी फॅमिलीची पदवी घेऊन थेट रुग्णालयात लागलेली एखादी अनुभवी एनपी "माझं कधी काही अडलं नाही" असे सांगते, तेव्हा ती खरेच बोलत असते. फक्त तिच्या वेळचे नियम आज राहिलेले नाहीत.

2008 मध्ये परवाना देणारी बोर्डे, कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्था, परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून एक आराखडा ठरवला. त्याला कन्सेन्सस मॉडेल म्हणतात. राज्यांनी तो 2015 पर्यंत लागू करावा असे ठरले होते. सगळ्यांनी तो सारखाच उचलला नाही, पण दिशा पक्की झाली. या आराखड्यात एनपीचे सहा लोकसमूह आहेत: कुटुंब (फॅमिली) म्हणजे सर्व वयांचे रुग्ण, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य आणि मानसिक आरोग्य. त्यातल्या प्रौढ-वृद्ध आणि बालक या दोन समूहांना पुन्हा दोन फांद्या फुटतात, प्रायमरी केअर (स्थिर रुग्णांची नेहमीची देखभाल) आणि ॲक्यूट केअर (गंभीर, लवकर बिघडू शकणाऱ्या रुग्णांची सेवा). फॅमिलीला ॲक्यूट केअरची फांदी नाही. ती सगळी प्रायमरी केअरचीच शाखा आहे, आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते.

आराखड्यातले दुसरे तत्त्व याहून महत्त्वाचे आहे. एनपीच्या कामाची हद्द इमारतीवरून ठरत नाही, रुग्णाच्या गरजेवरून ठरते. रुग्णालयाच्या आवारातच भरणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत फॅमिली एनपी व्यवस्थित बसतो. आणि ॲक्यूट केअर एनपी गुंतागुंतीच्या रुग्णाला रुग्णालयाबाहेरच्या विशेष दवाखान्यातही पाहू शकतो. प्रश्न विचारायचा तो असा: समोरचा रुग्ण स्थिर आहे, की पुढच्या काही तासांत बिघडू शकतो? दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी शिकवणारी शाखा वेगळी आहे.

हे एका रुग्णावर दाखवतो. चाळिशीतला, 70 किलो वजनाचा मधुमेही. दवाखान्यात तो येतो तेव्हा एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 9 आलेले असते. फॅमिली एनपी त्याचे मूत्रपिंडाचे काम बघून मेटफॉर्मिनचा डोस ठरवतो, पाय तपासतो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो, खाण्यापिण्याचे बोलतो आणि तीन महिन्यांनी परत बोलावतो. हे काम सोपे नाही, आणि ते नीट केले तर माणूस वीस वर्षे धडधाकट राहतो.

आता हाच माणूस रात्री दोन वाजता उलट्या करत, धापा टाकत आणला गेला आहे. साखर 480, रक्ताचा पीएच 7.1, म्हणजे रक्तात आम्ल धोकादायक वाढलेले, कीटोन भरपूर. इथे पहिल्या तासात साधारण लिटरभर सलाईन जायला हवे. इन्सुलिनचे ड्रिप ताशी किलोमागे 0.1 युनिट, म्हणजे याला ताशी 7 युनिट. पण त्याआधी पोटॅशियम बघायचे. ते 3.5 च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरायचे आणि मगच इन्सुलिन. कारण इन्सुलिन उरलेले पोटॅशियमही पेशींत ढकलते आणि हृदयाची लय बिघडते. मग दर तासाला साखर, दर दोन-चार तासांनी क्षार. साखर 250 च्या आसपास उतरली की नवशिक्याचा हात ड्रिप बंद करायला जातो, आणि चूक होते ती इथेच. आम्ल अजून गेलेले नसते. साखर खूप खाली जाऊ नये म्हणून सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज घालायचे आणि इन्सुलिन चालूच ठेवायचे. शेवटी ड्रिप काढताना दीर्घ काम करणारे इन्सुलिन एक-दोन तास आधी त्वचेखाली द्यायचे, नाहीतर पहाटेपर्यंत आम्ल पुन्हा चढते.

रोग एक, माणूस एक, आणि दोन वेगळी शिक्षणे. फॅमिलीच्या विद्यार्थ्याला दुसरा भाग जमणार नाही असे अजिबात नाही. त्याला तो पद्धतशीर शिकवलेला नसतो, त्याच्या परीक्षेत तो विचारलेला नसतो आणि देखरेखीखाली तो करून घेतलेला नसतो. "मी आयसीयूत सात वर्षे नर्स होते, हे सगळं मला येतं," हे खरे असले तरी ऑर्डर पार पाडणे आणि ऑर्डर ठरवणे यात अंतर आहे. बोर्ड आणि रुग्णालये एनपीची हद्द ठरवताना नर्स म्हणून मिळालेला अनुभव धरत नाहीत, एनपी म्हणून झालेले शिक्षण धरतात.

याची गाठ पडते ती नोकरी मिळाल्यावर, क्रेडेन्शियलिंगच्या वेळी, म्हणजे रुग्णालय कागदपत्रे पडताळून कामाचे अधिकार देते तेव्हा. विभागप्रमुख मुलाखतीत खूश होतात, ऑफर लेटर हातात येते, घर भाड्याने घेतले जाते. मग मेडिकल स्टाफ ऑफिसकडून एक फॉर्म येतो. त्यात कोणकोणते काम करायची परवानगी हवी ते मागायचे असते. त्याला प्रिव्हिलेज म्हणतात. फॉर्मच्या माथ्यावरच पात्रता छापलेली असते: अमुक शाखेचे राष्ट्रीय प्रमाणपत्र. खाली पहिल्या भागात मूळ अधिकार: रुग्ण दाखल करणे, इतिहास व तपासणी लिहिणे, चाचण्या व औषधे देणे, डिस्चार्ज करणे. दुसऱ्या भागात एकेक प्रक्रिया वेगळी: सेंट्रल लाइन, आर्टेरियल लाइन, इंट्युबेशन, चेस्ट ट्यूब, लंबर पंक्चर, छातीतले किंवा पोटातले पाणी काढणे. प्रत्येकीपुढे रकाने असतात: किती वेळा केली, कधी केली, कोणाच्या देखरेखीखाली. कुठे पाचचा आकडा मागतात, कुठे दहाचा. माथ्यावर ॲक्यूट केअरचे प्रमाणपत्र मागितले असेल आणि हातात फॅमिलीचे असेल, तर विभागप्रमुखांच्या शब्दाचाही उपयोग होत नाही. मग एकतर ऑफर मागे घेतली जाते, किंवा नोकरी राहते पण हाती फक्त डिस्चार्जचे कागद लिहिणे उरते.

तिसरी शक्यता सर्वात वाईट. रुग्णालय ढिले असते, फॅमिली एनपीला आयसीयूत उभे करते आणि वर्षे सुखाने जातात. एक दिवस एखादा रुग्ण दगावतो आणि प्रकरण वकिलाकडे किंवा बोर्डाकडे जाते. तिथे पहिला प्रश्न येतो तो शिक्षण आणि प्रमाणपत्र कशाचे आहे हा. "रुग्णालयानेच ठेवलं होतं" हे उत्तर परवाना वाचवत नाही. परवाना ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याचीच. टेक्साससारख्या राज्याचे बोर्ड हद्दीच्या बाबतीत स्पष्ट आहे: नोकरीच्या जागेमुळे हद्द वाढत नाही.

हेही मान्य करायला हवे की अनेक फॅमिली एनपी आज रुग्णालयांत चांगले काम करतात. लहान गावांतल्या रुग्णालयांत तर एकच माणूस ओपीडी, कॅज्युअल्टी आणि वॉर्ड सांभाळतो, आणि तिथे सर्व वयांचे रुग्ण पाहू शकणारी फॅमिली शाखाच कामी येते. आमचा आक्षेप शाखेला नाही, "सगळीकडे चालते" या वाक्याला आहे.

प्रौढांच्या रुग्णालयात काम करायचे असेल, म्हणजे हॉस्पिटलिस्ट (फक्त दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांची) टीम, आयसीयू, हृदयरोग, न्यूरो, ट्रॉमा, प्रत्यारोपण, तर प्रौढ-वृद्ध ॲक्यूट केअर ही शाखा घ्यावी. इथे नावाचा एक सापळा आहे. प्रौढ-वृद्ध प्रायमरी केअर आणि प्रौढ-वृद्ध ॲक्यूट केअर या दोन शाखांच्या नावात एकाच शब्दाचा फरक असतो, आद्याक्षरे तर एजीपीसीएनपी आणि एजीएसीएनपी इतकी सारखी की अर्ज भरताना गल्लत होते. कॉलेजच्या माहितीपत्रकात नुसते "ॲडल्ट-जेरॉन्टॉलॉजी" लिहिलेले असेल तर कोणते, हे ईमेलने लेखी विचारून घ्यावे. या शाखेची किंमतही माहीत असावी: फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातली नोकरी आणि मुले येणारे अर्जंट केअर ही दारे बंद होतात. वयाची खालची मर्यादा किशोरवयीनांपर्यंत जाते, पण नेमकी कुठे धरायची ते राज्य आणि रुग्णालय ठरवते. काही ठिकाणी 18 च्या खाली हात लावू देत नाहीत.

कॅज्युअल्टी, म्हणजे इमर्जन्सी विभाग, हा सगळ्यात अडचणीचा भाग. दारातून चार वर्षांचे तापाने फणफणलेले मूल येते आणि त्याच्या मागोमाग छातीत कळ आलेला सत्तरीचा गृहस्थ. प्रौढ-वृद्ध ॲक्यूट केअर एनपी मुलाला पाहू शकत नाही; फॅमिली एनपी मुलाला पाहतो, पण त्या गृहस्थाचा रक्तदाब कोसळला तर त्याचे शिक्षण अपुरे पडते. म्हणून या विभागाच्या जाहिराती बहुधा फॅमिली मागतात, आणि काही ठिकाणी दोन्ही. फॅमिलीच्या प्रमाणपत्रावर 2017 पासून इमर्जन्सीचे स्वतंत्र प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठीचा एक मार्ग असा: मागच्या पाच वर्षांत फॅमिली एनपी म्हणून इमर्जन्सीत 2,000 तास काम, शिवाय त्या विषयाचे 100 तासांचे शिक्षण, आणि त्यातले किमान 30 तास प्रत्यक्ष प्रक्रियांचे. कॅज्युअल्टी हेच ध्येय असेल तर फॅमिली घेणे बरोबर आहे. मुलांचा विभाग वेगळा असलेल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये मात्र प्रौढांच्या बाजूला ॲक्यूट केअरवालाच चपखल बसतो.

मुलांच्या रुग्णालयासाठी बालक ॲक्यूट केअर. इथेही प्रायमरी केअरची जुळी शाखा शेजारीच उभी असते, तेव्हा नाव नीट वाचावे. एनआयसीयूसाठी, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी, नवजात शाखा, आणि तिची अट कडक आहे: क्लिनिकल विषय सुरू होण्यापूर्वी लेव्हल 3 किंवा 4 च्या (सर्वात गंभीर बाळांच्या) एनआयसीयूत नर्स म्हणून दोन वर्षे पूर्णवेळ इतका अनुभव. प्रसूतिगृहाची नर्सरी किंवा लेव्हल 2 त्यात मोजत नाहीत. ही शाखा दोन वर्षांपर्यंतच्या बाळांपुरतीच आहे, त्यामुळे पुढे मन बदलले तर नव्या शाखेचे शिक्षण घ्यावे लागते. ज्यांना नवजात बाळांचे काम मनापासून आवडते त्यांनी मात्र डोळे झाकून घ्यावी.

लेबर रूम आवडते म्हणून स्त्री-आरोग्य शाखा घेणाऱ्यांची निराशा होते. त्या शाखेत बाळंतपण करता येत नाही. ते काम सर्टिफाइड नर्स मिडवाइफचे, आणि तिचा अभ्यासक्रम व परीक्षा वेगळीच. भूल देण्याचेही तसेच: नर्स ॲनेस्थेटिस्ट ही एनपीची शाखा नव्हे. तिथे आयसीयूचा अनुभव लागतो आणि 2022 पासून प्रवेश थेट डॉक्टरेटलाच होतो. मनोरुग्ण विभागात दाखल रुग्णांसाठी मानसिक आरोग्य शाखा, आणि तिला वयाची मर्यादा नाही.

शस्त्रक्रियेच्या टीमकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वॉर्डातले आणि सर्जिकल आयसीयूतले काम ॲक्यूट केअरमध्ये येते, पण ऑपरेशन टेबलाशी सर्जनसमोर उभे राहून मदत करणे कुठल्याच एनपी शाखेत शिकवत नाहीत. हात धुण्यापासून टाके घालण्यापर्यंतचा तो वेगळा कोर्स आहे, आरएनएफए नावाचा. मुलाखतीतच विचारावे: टेबलाशी उभे राहायचे आहे की फक्त राउंड? टेबलाशी असेल तर कोर्सचे पैसे कोण देणार?

शाखा ठरली की कॉलेज. इथे आम्ही सगळ्यात जास्त सावध करू इच्छितो, कारण फी सारखीच घेऊन शिक्षणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. 2022 च्या राष्ट्रीय निकषांनुसार एनपीच्या विद्यार्थ्याला किमान 750 तास प्रत्यक्ष रुग्णसेवा करावी लागते. पूर्वी हा आकडा 500 होता. सिम्युलेशन लॅबचे तास या 750 मध्ये धरत नाहीत, आणि नर्स म्हणून केलेली नोकरी तर नाहीच. बारा तासांची शिफ्ट धरली तर हे साधारण 63 दिवस होतात. एवढ्या दिवसांत आयुष्यभराचे निर्णय शिकायचे, म्हणून ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली जातात हे फीपेक्षा महत्त्वाचे.

ऑनलाइन कॉलेजांपैकी अनेक जण प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकलच्या तासांत हाताखाली घेऊन शिकवणारी व्यक्ती, शोधायचे काम विद्यार्थ्यावर सोडतात. दवाखान्यातला प्रिसेप्टर निदान मिळतो तरी. आयसीयूत शिकवायला तयार असलेली टीम शोधणे, आणि तिच्या रुग्णालयाने कॉलेजशी करार करणे, यात सहा-सहा महिने जातात. प्रिसेप्टर मिळाला नाही म्हणून सेमिस्टर वाया गेले आणि पदवी लांबली, हे अगदी नेहमीचे आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये. प्रवेश घेण्याआधीच विचारावे: जागा कॉलेज देते का? माझ्या राज्यात क्लिनिकल करायची परवानगी कॉलेजला आहे का? हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कॉलेज एका राज्यात, विद्यार्थी दुसऱ्या राज्यात, आणि त्या राज्याची मंजुरीच नाही, असे झाले तर ऑनलाइन विषय पूर्ण होतात आणि क्लिनिकल अडकते.

750 तासांची वाटणी कशी असावी, याबद्दल आमचे मत ठाम आहे. पहिले दीडशे-दोनशे तास साध्या मेडिकल वॉर्डात हॉस्पिटलिस्टबरोबर घालवावेत. आयसीयूतून आलेल्या नर्सला हे कंटाळवाणे वाटते. तिला थेट व्हेंटिलेटरकडे जायचे असते. पण दाखल करतानाच्या ऑर्डरी, घरी चालू असलेल्या पंधरा औषधांपैकी कोणती ठेवायची आणि कोणती थांबवायची, डिस्चार्जला काय लिहायचे, हे वॉर्डातच शिकायला मिळते, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात चुका होतात त्या याच कामात. रक्त पातळ करणारे औषध प्रक्रियेसाठी थांबवले आणि पुन्हा सुरू करायचे राहिले, मूत्रपिंड बिघडल्यावर प्रतिजैविकाचा डोस कमी केला नाही, या चुका आयसीयूत शोभिवंत प्रक्रिया शिकून टळत नाहीत. त्यानंतर दोन-अडीचशे तास आयसीयू. उरलेले तास ज्या विभागात नोकरी करायची तिथे, आणि थोडे कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्ण दाखल का करायचा आणि का करायचा नाही हे कळते. स्वतः नर्स म्हणून काम करतो त्याच युनिटमध्ये क्लिनिकल करू नये. सहकारी जुन्या भूमिकेतच वागवतात, आणि गडबडीत "जरा हे ड्रिप बदल ना" सुरू होते. पुष्कळ कॉलेजे याला परवानगीच देत नाहीत.

प्रत्येक प्रक्रियेची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी: तारीख, प्रक्रिया, कितव्या प्रयत्नात, प्रिसेप्टरची सही. रुग्णाचे नाव किंवा नंबर मात्र लिहू नये. क्रेडेन्शियलिंगच्या फॉर्मातले रकाने याच वहीतून भरले जातात.

भारतातून गेलेल्या नर्सेसना दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. बहुतेक एनपी अभ्यासक्रमांना बीएस्सी नर्सिंगच्या बरोबरीची पदवी लागते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्यांना आधी ब्रिज कोर्स करावा लागतो, आणि काही कॉलेजे भारतातली बीएस्सीही मूल्यांकनाशिवाय घेत नाहीत. दुसरी गोष्ट: भारतात एमएस्सी किंवा क्रिटिकल केअर एनपीचा कोर्स झालेला असला तरी त्यावर अमेरिकेतल्या एनपी परीक्षेला बसता येत नाही. ती परीक्षा द्यायला तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचीच पदवी लागते. एका एमएस्सीवर दुसरी करायला नको म्हणून कुणी जवळचा मार्ग दाखवत असेल आणि पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावे.

पदवीनंतरचा क्रम असा असतो. कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना, मग एनपीआय (आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख) क्रमांक, डीईए (नियंत्रित औषधे लिहून देण्यासाठीची) नोंदणी आणि शेवटी रुग्णालयाचे क्रेडेन्शियलिंग. ट्रान्सक्रिप्टवर पदवीबरोबर भूमिका आणि लोकसमूह दोन्ही छापलेले हवेत. नसतील तर परीक्षेचा अर्ज अडतो. प्रौढ ॲक्यूट केअरची परीक्षा दोन संस्था घेतात, एएनसीसी आणि एएसीएन (क्रिटिकल केअर नर्सेसची संघटना). दोन्हीकडे 175 प्रश्न, त्यातले 150 गुणांसाठी, वेळ साडेतीन तास, आणि प्रमाणपत्र पाच वर्षांचे. नोकरीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. आयसीयूत मुरलेल्यांना दुसरी जास्त ओळखीची वाटते. डीईए नोंदणीसाठी 2023 पासून व्यसनविषयक आठ तासांचे प्रशिक्षण एकदा करावे लागते, ते शिकत असतानाच उरकावे. क्रेडेन्शियलिंगला दोन ते चार महिने सहज लागतात, तेव्हा जुनी नोकरी घाईने सोडू नये. आणि रुजू झाल्यावर पहिले काही महिने कामाची तपासणी होते. नव्याने अधिकार मिळालेल्या प्रत्येकासाठी जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, ती घालून दिली आहे; कुणी आपल्यावर संशय घेतो आहे असे मानू नये.

फॅमिली आणि ॲक्यूट केअर दोन्ही एकत्र देणारे अभ्यासक्रमही आहेत. तास वाढतात, दोन परीक्षा, दोन नूतनीकरणे. लहान रुग्णालय किंवा कॅज्युअल्टी हे ध्येय असेल तर ते जरूर करावेत. नुसते "असू दे, उपयोगी पडेल" म्हणून करू नयेत, कारण तास दोन्हीकडे वाटले जातात आणि कुठल्याच वॉर्डात पाय रोवून उभे राहायला वेळ मिळत नाही.

आधीच फॅमिलीला प्रवेश घेतलेल्यांनी हे वाचून घाबरू नये. पहिल्या वर्षातले तीन मोठे विषय, प्रगत पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीराचे काम कसे बिघडते ते), प्रगत तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र, सर्व शाखांना समान असतात. क्लिनिकल सुरू होण्याआधी त्याच कॉलेजात शाखा बदलली तर सहसा फारसे काही वाया जात नाही. त्यासाठी सल्लागाराला पुढच्या सेमिस्टरची नोंदणी उघडण्यापूर्वी लेखी कळवावे. पदवी झाली असेल तर पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा रस्ता आहे. कॉलेज जुनी ट्रान्सक्रिप्ट तपासून काय राहिले ते ठरवते, ते तीन विषय बहुधा पुन्हा करावे लागत नाहीत, पण ॲक्यूट केअरचे विषय आणि क्लिनिकल तास करावेच लागतात. सहसा वर्ष ते दीड वर्ष. काही रुग्णालये आपल्याकडच्या फॅमिली एनपींना यासाठी फीची मदत करतात आणि बदल्यात ठरावीक काळ नोकरीचा करार घेतात. तो करार सही करण्यापूर्वी एक कलम जरूर वाचावे: मध्येच रुग्णालयाने तुमचे पद रद्द केले, तर पैसे कोणी भरायचे.

आपले नम्र,
अमेरिकेतील रुग्णालयीन नर्सिंगच्या क्षेत्रातले काही मराठी वाचक